हवापालटाला निघालेलं बाळ

मराठी घरात पूर्वी उंबरा ओलांडायला कारण लागायचं. लग्न, मुंज, माहेरपण, बाळंतपण, देवदर्शन, नाहीतर मयत. ट्रंका भरून, वळकट्या बांधून, कुणाच्याही दारी पाहुणे म्हणून न जाता पंधरा दिवस कुठेतरी नुसतं राहून यायचं, हे घरच्या मोठ्यांना पटणारं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या यादीत एक नवं कारण शिरलं, आणि ते शिरलं डॉक्टरांच्या तोंडून: हवापालट. तान्हं मूल बाळसं धरत नाही, खोकला सुटत नाही, दुपारी अंग कोमट लागतं, औषधाच्या बाटल्या संपल्या की डॉक्टर सांगायचे, “जरा हवापालट करून आणा.” सुनेला माहेरी पाठवताना पंचांग बघणारे सासरेही या वाक्यापुढे गप्प बसत. मराठी कुटुंबाची सुट्टी आजारपणाच्या दारातून घरात आली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आजारी बाळाला घेऊन वाट चालणं तसं नवं नव्हतं. फक्त ती वाट देवाकडे जायची. मूल जगत नाही म्हणून कुलदैवताला बोललेला नवस, तो फेडायला जेजुरीला किंवा तुळजापूरला नेलेलं बाळ, तिथे उतरवलेलं जावळ, देवळात वाहिलेला लहानसा लाकडी पाळणा. दत्तभक्त घरं नरसोबाच्या वाडीला नाहीतर गाणगापूरला जाऊन राहत. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत, सप्टेंबरात, आजही मेणाची बाळं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याचं बाळ आजारी तो मेणाचं बाळ. वाहणाऱ्यांच्या रांगेत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. दुखण्याला जात-धर्म विचारत बसायची सवड नसते.

अशा प्रवासाचे नियम ठरलेले होते. सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही. पुढेही वेस ओलांडताना भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, गालावर आणि तळपायाला काजळाची तीट लावायची, दुपट्याच्या घडीत लोखंडाचं काहीतरी ठेवायचं, आणि कुंचीने कान घट्ट झाकायचे. वारा लागू द्यायचा नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवायला हवा, कारण हवापालटाच्या डॉक्टरी कल्पनेचं पुढे भांडण झालं ते याच नियमाशी.

ती कल्पना आली साहेबाबरोबर, आणि साहेबाला ती सुचली स्वतःच्या जिवाच्या धास्तीने. मुंबईत उतरलेल्या इंग्रजाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी सतराव्या शतकात म्हणच पडली होती. १६८९ साली इथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने तर लिहून ठेवलं, की मुंबईत जन्मणाऱ्या वीस मुलांतलं एकही मोठं होत नाही. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडायला अजून दोनशे वर्षं होती, त्यामुळे सगळा दोष हवेच्या माथी. दलदलीतून उठणाऱ्या कुबट वाफेत रोग असतो, असं युरोपातले वैद्य मानत. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. मग रोग हवेत, तर औषधही हवेतच असणार.

१८२४ साली लॉडविक हा लष्करी अधिकारी महाबळेश्वराचं पठार चढून गेला. पाच वर्षांनी, १८२९ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून तो मुलूख मागून घेतला आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. हे खंडाळा वाईकडचं. बोरघाटातल्या खंडाळ्याशी त्याची नेहमी गल्लत होते. थंड हवेचं हे ठाणं काढण्यामागचा हेतू मौज हा नव्हताच. आजारी गोऱ्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना विलायतेला धाडण्याचा खर्च वाचावा, म्हणून ते उभं राहिलं. त्यांच्या मागोमाग मडमा आल्या, आणि मडमांबरोबर आयांच्या कडेवर बसलेली फिकुटलेली मुलं.

पोचणं मात्र सोपं नव्हतं. मुंबईहून एक वाट समुद्राने कोकणात उतरून महाडकडून वर चढणारी, दुसरी पुण्यावरून वाई आणि पसरणीचा घाट अशी. पुण्याकडून दक्षिणेला रेल्वे गेल्यावर वाठार स्टेशनला उतरायचं आणि तिथून टांगा धरायचा, हा रिवाज पडला. वाठार ते महाबळेश्वर साधारण चाळीस मैल. वाटेत टप्प्याटप्प्यावर घोडे बदलायचे, आणि घोडे बदलेपर्यंत आईने बाळाला अंगावर घेऊन टांग्यातच बसायचं. धूळ, हिसके, उन्हाची तिरीप. ज्याची हवा बदलायची तो जीव एवढा प्रवास सोसेल का, हा प्रश्न तेव्हाही कुणाला तरी पडलाच असेल.

माथेरानची गोष्ट वेगळी, कारण तिथे चढणच अशी की चाक चालत नसे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तो डोंगर चढला, आणि लवकरच मुंबईकरांना जवळची थंड हवा मिळाली. नेरळला गाडीतून उतरायचं, पुढे घोडं, डोली, मेणा नाहीतर मंचील. १९०७ मध्ये आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने बांधलेली दोन फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली, तोवर आणि त्यानंतरही, आजारी माणूस वर गेला तो दुसऱ्या माणसांच्या खांद्यावरून. या इतिहासात बंगल्यांची नावं सापडतात, पॉइंटांना ज्यांची नावं दिली त्या साहेबांची सापडतात; मेणा उचलणाऱ्यांची सापडत नाहीत. डोंगराच्या पोटातल्या वाड्यांत राहणारी ही माणसं मुंबईची बाळं ज्या हवेसाठी वर नेत होती, ती हवा त्यांच्या स्वतःच्या बाळांना जन्मापासूनच होती. औषध, दूध आणि दवाखाना मात्र नव्हता. हवेला लोकांनी दिलेली किंमत म्हणूनच जरा जास्त होती असं वाटतं.

तरीही हवापालटाची थट्टा करून भागणार नाही. मराठी घरातली बाळंतिणीची खोली आठवून पाहावी. खिडक्या लावलेल्या, दाराला पडदा, खाटेखाली शेगडी, संध्याकाळी ओव्याची आणि बाळंतशोपांची धुरी. मायेपोटीच केलेलं सगळं, पण बाळाच्या छातीला ते सोसेल असं नव्हतं. धुराइतकाच वाईट तिथला अंधार. मुलाचे पाय वाकतात, छातीचा पिंजरा पुढे येतो, टाळू भरत नाही, त्या रोगाला मराठीत मुडदूस म्हणतात. नाशिक भागात हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी मुडदुसाचा अभ्यास केला, तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांना जे दिसलं ते उलटं होतं: पडद्यातल्या, खात्यापित्या घरांतली, आईबरोबर अंधाऱ्या खोलीत वाढणारी बाळं मुडदुसाने वाकत होती, आणि शेताच्या बांधावर झोळीत टाकलेली मजुरांची पोरं, पोटाला कमी मिळत असूनही, त्यातून सुटत होती. फरक उन्हाचा होता. त्याच सुमारास युरोपात ऊन आणि कॉडलिव्हर तेल यांचा गुण सिद्ध होत होता. ड जीवनसत्त्वाचं नाव घराघरांत पोचायच्या आधी “पोराला बाहेर काढा” एवढंच सांगणारा डॉक्टर, कारण ठाऊक नसताना का होईना, बरोबरच सांगत होता.

आजी म्हणायची, खिडकी लाव. डॉक्टर म्हणायचा, उघड. टांगा असो की रेल्वेचा डबा, बाळाच्या डोक्यावर ते भांडण चालू राही. बहुधा तोडगा निघे तो असा: खिडकी उघडी, कुंची बांधलेली.

विसाव्या शतकात या हवेला इमारती मिळाल्या. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन इस्पितळ १८९४ पासून होतंच. क्षयाचं वेगळं केंद्र १९२० मध्ये, आज ज्याला वानलेसवाडी म्हणतात तिथे, उभं राहिलं. लांब व्हरांडे, ओळीने खाटा, सताड उघड्या खिडक्या, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, पण जंतू दिसला म्हणून मरत नाही. औषध नव्हतं तोवर हवा हाच उपाय होता.

आरोग्यधामाला इंग्रजीत ‘सॅनिटोरियम’ म्हणत. मुंबईकरांनी या शब्दाचं पुढे काय केलं, ते मोठं मजेचं आहे. देवळाली, लोणावळा, माथेरान इथे पारशी, गुजराती आणि इतर समाजांच्या विश्वस्त निधींनी अल्प भाड्याच्या खोल्या बांधल्या. हेतू आजारातून उठलेल्यांना विसावा देण्याचा. खोलीत पलंग, बाहेर मोरी, स्वयंपाकाला कट्टा. भांडी-गाद्या बहुधा आपल्या आपण आणायच्या. हळूहळू आजारी माणूस एक, आणि त्याच्या सोबतीला अकरा, असं व्हायला लागलं. पुढे आजारी माणूसही नसला तरी चालू लागलं. ‘मे महिन्यात सॅनिटोरियम मिळालंय’ याचा अर्थ मुंबईच्या चाळीत कुणी आजारपण असा लावत नसे. सुट्टीची सोय झाली एवढाच लावत. देवळालीच्या नशिबी आणखी एक विनोद आला. मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने अडकलेले गोरे सोल्जर इतके कंटाळले, की ‘डूलाली’ हा वेड लागण्याला इंग्रजी शब्द झाला. ज्या गावात मुंबईकर पोरांना बरं करायला नेत, त्याच गावाचं हे नाव.

हवेवरची श्रद्धा आपल्यापुरतीच होती असं नाही. डांग्या खोकल्याने निळ्या पडणाऱ्या मुलांना युरोपात चक्क विमानात घालून तासभर उंचावरून फिरवून आणायची टूम १९३० च्या आसपास निघाली होती. मूल घाबरून खोकायचं थांबत असेल, याखेरीज त्याचा गुण कशात होता हे सांगणं कठीण. त्यामानाने पाचगणी परवडली.

प्रवासाचं साधन बदललं तसं कोणत्या घरातलं बाळ बाहेर पडू शकेल, तेही बदललं. बोरघाटातून आगगाडी १८६३ पासून धावू लागली आणि लोणावळा मुंबईला जवळ आलं. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर अशी पहिली एसटी सुटली, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत टांगा गेला नाही तिथेही लाल गाडी गेली. पण एसटीला वेळापत्रक असतं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर बाळाने ओकारी काढली, आकडी आली, तर पन्नास माणसांची गाडी थांबवायची कशी? आई मग गप्प बसून पदराने तोंड पुसायची आणि पुढच्या स्टँडची वाट बघायची.

भाड्याच्या फियाटने, आणि डिसेंबर १९८३ नंतर मारुती ८०० ने, नेमकी हीच अडचण सोडवली. मोटारीचं कौतुक वेगासाठी फार झालं, पण आजारी मुलाच्या आईबापांना तिचा मोठा गुण वेगळाच होता: ती हवी तिथे थांबते. फियाट तर न सांगताही थांबायची. पसरणीच्या घाटात इंजीन तापलं की बॉनेट उघडून, रेडिएटरवर पाणी ओतून, ते निवेपर्यंत कठड्यावर बसून राहायचं. तेवढ्यात बाळाचं दूध व्हायचं. पिशवीत थर्मास, उकळलेल्या बाटल्या, जायफळ, बाळगुटीची सहाण, आणि ग्राइप वॉटर. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्याने काढलेल्या या गोड पाण्यात मुख्य जिन्नस शेपूच्या बियांचं तेल, म्हणजे आपल्या बाळंतशोपाच. शिवाय मूळच्या पाण्यात थोडं मद्यही असे. बाळं शांत झोपत यात नवल नव्हतं. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी आली, की काच खाली करून नाणं टाकायचं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, अशी कथा आहे. बाळ बरं नसेल तर नाणं जरा मोठं.

हवापालटाचा डॉक्टरी पाया मात्र तोवर ढासळला होता. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४० च्या दशकात आलं. मग मद्रासमध्ये एक साधा पण धाडसी प्रयोग झाला. क्षयाच्या काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत, तुटपुंज्या जेवणावर, फक्त गोळ्या देऊन. वर्षभराने दोघांचे निकाल जवळपास सारखेच निघाले. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरातल्या आरोग्यधामांच्या खाटा रिकाम्या व्हायची वाट मोकळी झाली. गुण गोळीचा होता, डोंगराचा नव्हता.

बाळांची वाट तर आधीच उलटी वळली होती. परळला, गिरण्यांच्या धुराच्या मधोमध, १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचं इस्पितळ सुरू झालं. शहरातलं आजारी मूल डोंगरात न्यायचं, याऐवजी डोंगरातलं मूल शहरात आणायचं. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, जव्हारच्या कितीतरी मुलांचा पहिला लांबचा प्रवास हवेकडे नव्हे, परळकडे झाला. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते आहे, ती याच दिशेने.

मग आजारी बाळाला घेऊन केलेल्या सुट्टीचं काय झालं? ती संपली नाही. तिचा अर्थ फिरला, कारण पूर्वी हाती न लागणारी बाळं जगू लागली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हेलन टॉसिग यांच्या सूचनेवरून, आणि प्रयोगशाळेत हे तंत्र बसवणाऱ्या व्हिव्हियन थॉमस यांना पाठीशी उभं करून, हृदयदोषाने निळ्या पडलेल्या पंधरा महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया केली. तोवर ‘निळं बाळ’ म्हणजे हात टेकलेले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यू कमालीचे खाली आणले. आज प्रवासाच्या पिशवीत ओआरएसची पुडी नसेल असं बाळाचं घर विरळा. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी रक्तातला प्राणवायू सुई न टोचता मोजायची युक्ती काढली. गंभीर आजारी बाळ आता महिनोन्‌महिने जगतं, घरी येतं, नाकात नळी घेऊन हसतं. आणि चार भिंती, इस्पितळाचा वास आणि औषधांचे गजर यांना विटलेले आईबाप डॉक्टरांना विचारतात, याला घेऊन दोन दिवस कुठे जाऊन येऊ का?

पूर्वी डॉक्टर सांगायचे आणि घरचे निघायचे. आता घरचे विचारतात आणि डॉक्टर विचारात पडतात. कारण हवेचा हिशेब आता आकड्यांत मांडता येतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटर उंच. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी, म्हणजे दर श्वासातला प्राणवायूही तेवढाच कमी. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. ज्या बाळाच्या हृदयाला भोक आहे, किंवा दिवस भरण्याआधी जन्मल्याने ज्याची फुप्फुसं अर्धीकच्ची आहेत, त्याला ते कळू शकतं. शंभर वर्षं जी हवा औषध म्हणून लिहून दिली, तिच्यासाठी आता परवानगी लागते. माथेरान ८०० मीटरच्या आसपास. तिथे तूट निम्म्याहून थोडी जास्त. त्यामुळे एखाद्या बाळाला महाबळेश्वरला नाही, पण माथेरानला चालेल, असंही उत्तर येतं. निघण्याआधी वाटेतली इस्पितळं बघून ठेवायची, औषधांची चिठ्ठी आणि डिस्चार्जचे कागद हाताशी ठेवायचे, आणि घाटात दर थोड्या वेळाने रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघायचा.

करोनाच्या साथीनंतर कॉन्सन्ट्रेटर हा शब्द मराठी घरांत सगळ्यांना कळतो. खोलीतल्याच हवेतला नायट्रोजन गाळून प्राणवायू वेगळा काढणारं यंत्र. लहान नमुना बॅटरीवर किंवा गाडीच्या सॉकेटवर चालतो. बाळ हवेकडे नेण्याऐवजी हवाच बाळाबरोबर मागच्या सीटवर बसते. रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरची पट्टी तान्ह्याच्या बोटाला बसत नाही, म्हणून ती तळपायाला गुंडाळतात. काजळाची तीट लावायची तीच जागा. तीट असलीच तर दुसऱ्या पायाला.

माथेरानला मोटार दस्तुरी नाक्याला थांबते. पुढे गावात रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर इंजिनाची गाडी नाही. इथे माणसांनी ओढायच्या रिक्षा एकविसाव्या शतकातही चालू राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवली, ती सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. मेणा वाहणाऱ्या खांद्यांची ती शेवटची पिढी. मुंबईहून आलेलं कुटुंब नाक्यावर उतरतं तेव्हा बाप आधी बॅटरी किती उरली ते बघतो, मग बाजारपेठेपर्यंतचं अंतर विचारतो आणि ई-रिक्षाच्या रांगेकडे जातो. आई गाडीतच बसून राहते, काच अर्धी खाली, बाळाची टोपी कानांवर ओढलेली.